घरच्या गाडीची हत्यारपेटी



सेलू तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा कारखान्यात कामाला लागला. दोन वर्षे पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने एक जुनी चारचाकी घेतली. घरात पहिल्यांदाच गाडी आली, त्यामुळे आनंद आहेच. पण आता रविवार उजाडला की पोरगा गाडीपाशी. कधी नवा हॉर्न, कधी टेप, कधी मोठे दिवे. गॅरेजवाल्याला पैसे का द्यायचे, हत्यारे आणू आणि घरीच करू, असे तो म्हणतो. आईचा प्रश्न सरळ आहे : हत्यारांवर पैसा घालावा का, घालावा तर कोणत्या, आणि पोराच्या जिवाला काही होणार तर नाही ना?

या शेवटच्या प्रश्नासाठीच आम्ही हा आठवडा गाडीच्या हत्यारांना दिला आहे. आपल्या वस्त्यांत आता हे चित्र नवे राहिलेले नाही. आमच्या वडिलांच्या काळी दारात सायकल असली तरी घर पुढारलेले समजत. पुढे लूना आली, मग मोटारसायकल आली. आता वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, देवळी, कुठेही जा, वस्तीच्या बोळात एखादी जुनी मारुती, व्हॅन नाहीतर इंडिका उभी दिसते. मारुती ८०० बनणे जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले, इंडिका २०१८ मध्ये आणि ओम्नी व्हॅन २०१९ मध्ये. पण या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि बहुतेक आपल्यासारख्यांच्याच घरी आहेत. जुनी गाडी म्हणजे हात लावावाच लागणार. तेव्हा हात कसा लावावा हे शिकलेले बरे.

एक घडलेली गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका घरातील ही गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते. त्या घरच्या मुलाने अंगणात गाडी जॅकवर उचलली, पुढचे चाक काढले आणि हॉर्नची वायर ओढायला तो खाली सरकला. अंगण आपल्या भागातल्या काळ्या मातीचे. वरून कोरडे दिसत होते, आत ओल होती. जॅकचा पाय हळूहळू मातीत रुतला, जॅक कलंडला आणि गाडी खाली आली.

पोरगा वाचला तो एका सवयीमुळे. काढलेले चाक त्याने दूर न ठेवता गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले होते. गाडी त्या चाकावर टेकली. खांद्याला खरचटले, पण तेवढ्यावर भागले. ही सवय त्याला ट्रकवर काम केलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने लावली होती. काढलेले चाक गाडीखाली गेलेच पाहिजे, एवढेच तो मिस्त्री सांगे आणि विसरले तर रागावे.

त्या दिवशी त्या घरात हॉर्न नवा होता, टेप नवा होता, सीट कव्हरही नवे होते. गाडीला आधार देणारा लोखंडी स्टँड मात्र नव्हता. आधी शोभा आणि मग आधार, असा क्रम लागला होता. या लेखात आम्हाला सांगायचे ते एवढेच की हा क्रम उलटा करा. पहिला पैसा जीव राखणाऱ्या हत्यारावर, दुसरा मापाच्या पान्यांवर, तिसरा विजेच्या कामाच्या हत्यारांवर आणि उरला तर शोभेवर.

पहिला हप्ता : जीव राखणारी हत्यारे

एकदम मोठी पेटी घेऊ नका. पगारदार घराला झेपेल अशी तीन हप्त्यांत खरेदी करा.

पहिल्या हप्त्यात जॅक स्टँडची एक जोडी घ्या. लोखंडी तिवईसारखा हा आधार असतो आणि त्याची उंची कमी-जास्त करता येते. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. तो गाडी उचलतो, पण ती धरून ठेवायची त्याची ताकद नाही. जॅकने गाडी उचलायची, कंपनीने सांगितलेल्या मजबूत जागी खाली स्टँड लावायचा, गाडी स्टँडवर टेकवायची आणि मगच हात खाली घालायचा. स्टँडवर किती वजन चालते ते लिहिलेले असते. ते वाचून घ्या. स्टँडऐवजी विटा कधीही लावू नका. वीट वजनाने अचानक फुटते.

दुसरी वस्तू विकत घ्यायलाही नको. दीड-दोन इंच जाडीची, हातभर लांबीची एक फळी आणि लाकडाचे चार तिरपे ठोकळे सुताराकडून करून घ्या. फळी जॅकखाली घालायची, म्हणजे वजन पसरते आणि काळ्या मातीत जॅक रुतत नाही. पावसाळ्यात मात्र फळीवरही भरवसा ठेवू नका, फरशी किंवा सिमेंटच्या जागीच काम करा. ठोकळे जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लावायचे. हँडब्रेक ओढलेला असला तरी ठोकळे लावायचेच, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचे चाक उचलले की त्याचा आधार कमी झाला.

तिसरी वस्तू हवा मोजायचे मीटर. खिशात मावते, किंमतही फार नाही. गाडीला किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात धावलेल्या टायरची हवा फुगून जास्त दिसते, म्हणून लोक ती काढून टाकतात आणि कमी हवेवर गाडी चालवतात. कमी हवेचा टायर कडेने सारखा दुमडतो, आतून तापतो आणि वेगात असताना फुटतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला. तो आपल्याच जिल्ह्यातून जातो. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. अशा रस्त्यावर जुनी गाडी घेऊन जायचे असेल तर नव्या हॉर्नपेक्षा हे छोटे मीटर कामी येईल. टायरच्या खाचाही पाहून घ्या. त्या १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या तर तो टायर मोटारीला कायद्यानेच चालत नाही. टायरच्या कडेवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरे असतात. त्या रेषेत खाचेच्या आत एक उंचवटा असतो. रबर झिजून त्या उंचवट्याला आले की टायर बदलायचा.

दुसरा हप्ता : पाने

जत्रेत, प्रदर्शनात शंभर नगांची चकचकीत पेटी स्वस्तात मिळते. आम्हीही एकदा घेतली होती. देवळीच्या रस्त्यावर चाक पंक्चर झाले, पेटी उघडली, पाना लावला आणि जोर दिला तर पान्याचेच तोंड फाकले. नट गोल झाला तो वेगळाच. शेवटी एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून आपल्या पान्याने चाक खोलून दिले. त्या पेटीतले नव्वद नग आम्ही कधीच वापरले नाहीत, आणि जे दहा लागतात ते कामाचे निघाले नाहीत.

तेव्हा नग थोडे घ्या, पण मापाचे आणि चांगल्या पोलादाचे घ्या. त्याआधी आपल्या गाडीची मापे जाणून घ्या. मारुतीच्या गाड्या जपानी घडणीच्या, त्यांना बहुधा १०, १२, १४, १७ आणि १९ हे नंबर लागतात. टाटांच्या गाड्यांत १२-१४ च्या जागी १३ नंबर बराच आढळतो. जुन्या जीप आणि अँबेसेडर गाड्यांना इंचाच्या मापाचे पाने लागत. मिलिमीटरचा पाना इंचाच्या नटाला बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की निसटतो. चाकाच्या नटाला बहुतेक छोट्या गाड्यांत १९ नंबर असतो, काहींत १७ किंवा २१. आपल्या गाडीचा कोणता ते चाकाला लावून पाहा आणि कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

रिंग पाने आणि दोन्ही बाजूंनी उघडे असणारे पाने यांपैकी पैसे कमी असतील तर आधी रिंग पाने घ्या. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी धरतो, म्हणून नट गोल होत नाही. त्यानंतर गोटी पान्यांचा लहान संच घ्या. गोटी घेताना आत डोकावून पाहा. आत सहा कोन असलेली गोटी गंजलेल्या नटाला अधिक घट्ट पकडते. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी लवकर बसते, पण झिजलेल्या नटावरून घसरते. जुन्या गाडीला सहा कोनांचीच बरी.

चाकासाठी लांब दांड्याचा पाना निराळा ठेवा. गाडीबरोबर आलेला पाना आखूड असतो. त्यावर लोक उभे राहून उड्या मारतात, आणि त्यात बोल्ट तुटतो नाहीतर पाय मुरगळतो. दांडा लांब असला की घरातल्या कोणाच्याही हाताने नट सुटतो. आम्ही 'कोणाच्याही' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. चाक बदलण्याचे काम घरातल्या मुलीला आणि सुनेलाही आले पाहिजे. गाडी बंद पडताना चालवणारा पुरुष आहे की बाई हे पाहत नाही.

चाक बदलण्याची रीत अशी आहे. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करावेत, मग गाडी उचलावी. नवे चाक लावताना नट समोरासमोरचे घ्यावेत, एकापाठोपाठ एक गोल फिरत जाऊ नये. शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर द्यावा. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

दुकानात पाना कसा पारखावा? त्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असे कोरलेले असावे, नुसता कागद चिकटवलेला नसावा. मापाचा आकडा ठसठशीत असावा. तोंडाच्या कडा सरळ असाव्यात, चमकीचे पापुद्रे सुटलेले नसावेत. खिशात आपल्या गाडीचा एक जुना नट नेऊन तेथेच लावून पाहावा, डुगडुगला तर परत करावा. वर्ध्याच्या हार्डवेअरच्या दुकानांत सुटा पाना मिळतो. नागपूरला जाणे झाले तर इतवारीतील लोहाओळीत फिरून भाव करता येतो. नाशिकच्या सातपूरला चांगली हत्यारे बनतात, जालंधर-लुधियानाकडूनही येतात. पण नाव ऐकून घेऊ नका, नावाची नक्कलही बाजारात येते. हातात घेऊन पाहा आणि पक्के बिल मागा.

पान्यांबरोबर एक पक्कड, दोन मापांचे चांगल्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर, तारेचा ब्रश आणि गंजावर मारायचे तेल एवढे पुरे. पाना नेहमी आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. ढकलताना निसटला तर बोटे लोखंडावर आपटतात.

तिसरा हप्ता : विजेची कामे

पोरांना सर्वांत जास्त हौस याच कामाची असते, आणि गाड्या जळतात त्याही बऱ्याचदा याच कामाने. म्हणून हिशेब समजून घ्या.

मोटारीच्या पुढच्या दिव्याचा मूळ बल्ब सहसा ६०/५५ वॉटचा असतो. बॅटरी १२ व्होल्टची. ६० ला १२ ने भागले की ५ येतात, म्हणजे एका दिव्याला ५ अँपिअर आणि दोन दिव्यांना १० अँपिअर वीज लागते. आता पोराने १०० वॉटचे बल्ब बसवले. १०० भागिले १२ म्हणजे सव्वाआठच्या वर, आणि दोन दिव्यांचे साडेसोळा अँपिअरच्या पुढे. वायर मात्र जुनीच, दहाच्या हिशेबाची. ती तापते, तिचे वेष्टण वितळते, फ्यूज उडतो. मग पोरगा फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळतो. तेथून आग फार दूर नसते. फ्यूज उडणे हा बिघाड नाही, फ्यूज आपले काम करतो आहे. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच परत लावावा. शिवाय मोठ्या दिव्याने समोरून येणाऱ्या सायकलवाल्याचे डोळे दिपतात. तो सायकलवाला आपलाच भाऊबंद असतो.

रात्री दिसत नाही ही तक्रार खरी असेल तर आधी काच पुसा. मग दिव्याच्या अर्थची वायर काढून, तारेच्या ब्रशने घासून पुन्हा घट्ट बसवा. जुन्या गाडीत अर्ध्या अंधाराचे कारण तेथे असते आणि त्याला खर्च लागत नाही.

या कामाला मल्टिमीटर हे मुख्य हत्यार. साधा डिजिटल चालतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसावे. इंजिन चालू केल्यावर पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसले तर बॅटरी भरली जात आहे. तेवढे आले नाही तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा असू शकतो. या एका तपासणीने विनाकारण घेतली जाणारी नवी बॅटरी वाचते, आणि मीटरची किंमत तेथेच वसूल होते.

मीटरबरोबर वायर सोलायची आणि टोके दाबायची पक्कड, योग्य जाडीची वायर, निरनिराळ्या अँपिअरचे फ्यूज आणि चांगली टेप ठेवा. नवी वस्तू जोडताना तिची वायर बॅटरीपासून निराळी घ्या आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावा. हॉर्नसारखी जास्त वीज ओढणारी वस्तू असेल तर मध्ये रिले हवाच.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. याचे कारण पोराला समजावून सांगा. गाडीचे सगळे पत्रे निगेटिव्हला जोडलेले असतात. लाल टोक आधी खोलायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो. हातात अंगठी, कडे, मनगटात धातूचा पट्टा असेल तर तो आधी काढून ठेवावा.

कशाला हात लावू नये

ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलची नळी हे काम घरी शिकायचे नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या वायरी आणि पिवळे जोड दिसले तर तेथे मीटर किंवा टेस्टर लावायचा नाही. गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. आपल्या उन्हात अशी उकळी अंगावर घेतलेले हात आम्ही पाहिले आहेत. गॅस किट मान्यता असलेल्या ठिकाणीच बसवावे आणि त्याची नोंद गाडीच्या कागदावर करावी. घरातला स्वयंपाकाचा सिलिंडर व्हॅनला जोडण्याचा प्रकार तर गुन्हाही आहे आणि गाडीत बॉम्ब घेऊन फिरण्यासारखाही आहे.

कायद्याचेही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ बांधणीत मालकाला मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. पुढे लावायच्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करा असे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. निरनिराळ्या सुरांचा हॉर्नही चालत नाही. गाडीला १५ वर्षे झाली की पुन्हा नोंदणीसाठी तपासणी होते, तेव्हा असले बदल आडवे येतात. अपघात झाला तर विमा कंपनीही बदलाकडे बोट दाखवते. टेप, मागे घ्यायचा कॅमेरा, सीट कव्हर, मोबाइल चार्जर यांची हौस भागवायला हरकत नाही. मागच्या सीटचे पट्टे कुजले असतील तर तेही मिस्त्रीकडून बदलून घ्या. गाडीत यापेक्षा मोठी सुधारणा आम्हाला ठाऊक नाही.

पाच घरांची एक पेटी

आता खर्चाचे. जॅक स्टँड वर्षातून चार वेळा लागतात. मल्टिमीटर महिन्यातून एकदा. मग ते प्रत्येक घरी कशाला? एका वस्तीत पाच घरी गाड्या असतील तर पाच घरांनी मिळून स्टँड, मीटर, गोटी पाने आणि लांब पाना घ्यावा. एका वहीत कोणी नेले, कधी आणले ते लिहावे. पेटी जबाबदार माणसाच्या घरी ठेवावी. विहाराच्या कपाटात जागा असेल तर तेथेही ठेवता येईल. हवेचे मीटर आणि चाकाचा पाना मात्र प्रत्येक गाडीत हवाच.

पेटी एकत्र असली की दुसराही फायदा होतो. ज्याला येते तो ज्याला येत नाही त्याला शिकवतो. एकट्याने गाडीखाली जाण्याची पाळी येत नाही, दुसरा माणूस जवळ उभा असतो. ज्या मुलाला किंवा मुलीला यात खरोखर गती दिसेल तिला रविवारच्या हौसेवर सोडू नका. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दहावीनंतर मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. हात काळे होतात म्हणून या कामाला कमी लेखणारे आपल्यातही आहेत. त्यांची गाडी रस्त्यात बंद पडली की तेही याच काळ्या हातांची वाट पाहतात.

पत्र लिहिणाऱ्या ताईंना आमचे उत्तर असे आहे. पोराला अडवू नका, त्याची खरेदीची यादी मात्र बदला. मोठे दिवे खोडा आणि त्या जागी स्टँडची जोडी लिहा. हॉर्न पुढच्या महिन्यावर टाका आणि हवेचे मीटर आधी आणा. अशोक विजयादशमीला घरची सगळी मंडळी गाडीत बसून दीक्षाभूमीला निघतील, तेव्हा आदल्या सकाळी त्याच्याकडून चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा मोजून घ्या. आणि तो गाडीखाली जाण्याआधी तुम्ही स्वतः वाकून पाहा : स्टँड लागला आहे का, ठोकळे आहेत का, काढलेले चाक आत सरकवले आहे का. तिन्ही दिसल्याशिवाय त्याला खाली जाऊ देऊ नका.

पुढील अंकी उन्हाळ्यातील बॅटरी आणि रेडिएटरची निगा.